तासगाव ते रॉटरडॅम: रिफर कंटेनरच्या डेटाच्या नोंदी, द्राक्ष हंगाम २०२५

व्याप्ती: तासगाव, पलूस आणि कवठेमहांकाळ भागातल्या पॅक हाऊसमधून न्हावा शेवा बंदरामार्गे युरोपात जाणारे ताज्या द्राक्षांचे ४० फुटी रिफर (थंड ठेवणारे) कंटेनर. बेदाणा आणि हळद या वर्षी घेतलेली नाही. त्या मालाला तापमानाचा प्रश्न नसतो आणि हिशेबही वेगळा असतो.

६ जानेवारी २०२५, सोमवार

कामाला सुरुवात करण्याआधी प्रश्न ठरवून घेतले. गाडी पॅक हाऊसमधून कट-ऑफच्या (बंदरात माल घेण्याच्या शेवटच्या वेळेच्या) किती तास आधी सुटायला हवी? कोणत्या लाइनच्या (जहाज कंपनीच्या) कोणत्या सेवेवर माल द्यायचा? समुद्रात असलेल्या कंटेनरपैकी आज कोणत्याकडे लक्ष द्यायचे? आणि माल पोचल्यावर आलेले बिल बरोबर आहे का? या चारांपैकी एकाचेही उत्तर देत नाही असा तक्ता किंवा आलेख बनवायचा नाही.

डेटा किती होईल याचा अंदाज काढला. रिफर युनिट साधारण तासाला एक नोंद ठेवते. ४० दिवसांच्या प्रवासात एका कंटेनरच्या ९६० नोंदी होतात आणि १०० कंटेनरच्या ९६,०००. जहाजाची जागा दर ५ मिनिटांनी साठवली तर दिवसाला २८८, ४० दिवसांना ११,५२० ओळी. वीस जहाजे धरली तरी २,३०,४०० च होतात. एवढ्यासाठी क्लाउडवर महागडी व्यवस्था उभारायची गरज नाही. १६ जीबी रॅमचा एक डेस्कटॉप, पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस आणि त्यावर नकाशाच्या कामासाठी पोस्टजीआयएस, डेटा ओढायला पायथन, दाखवायला पॉवर बीआय डेस्कटॉप. यूपीएस मात्र हवाच. रात्री वीज गेली आणि तासाभराचा डेटा ओढायचा राहिला, तर काही स्रोत मागचा डेटा पुन्हा देत नाहीत.

९ जानेवारी

स्रोतांची यादी: बुकिंगच्या एक्सेल शीट, सीएचएकडून (कस्टम एजंटकडून) येणारी शिपिंग बिलाची (कस्टममधल्या निर्यात अर्जाची) माहिती, शिपिंग लाइनची ट्रॅकिंग सेवा, एलडीबी म्हणजे लॉजिस्टिक्स डेटा बँकेची कंटेनरनिहाय हालचाल, युलिप या सरकारी डेटा-मंचामार्फत मिळणारी फास्टॅगची टोलनाका नोंद, जहाजांचा एआयएस डेटा (जहाज स्वतः प्रसारित करते ती जागा आणि वेग), पॅलेटमध्ये ठेवलेल्या यूएसबी लॉगरच्या (तापमान नोंदणाऱ्या यंत्राच्या) फाइली आणि आयातदाराचा गुणवत्ता अहवाल.

या सगळ्यांना बांधणारा धागा कंटेनर क्रमांक. पण तो एकटा पुरत नाही. एकच कंटेनर हंगामात दुसऱ्यांदाही येऊ शकतो. म्हणून जोडणीची किल्ली 'कंटेनर क्रमांक + बुकिंग क्रमांक' अशी ठेवली. त्याच्या खाली पॅलेट क्रमांक आणि पॅलेटखाली अपेडा या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीतली बागेची नोंदणी. एका कंटेनरमध्ये चार-पाच बागांचा माल असतो. युरोपातून तक्रार आली की 'कंटेनर खराब' एवढेच ऐकू येते, प्रत्यक्षात बहुतेकदा दोन-तीन पॅलेटचा प्रश्न असतो. पॅलेटपर्यंत नोंद उतरली नाही तर सगळ्या बागायतदारांच्या पैशात सरसकट कपात होते. या प्रकल्पाचे सर्वांत मोठे मोल इथे आहे.

१५ जानेवारी

कंटेनर क्रमांकाची तपासणी बसवली. आयएसओ ६३४६ प्रमाणे चार अक्षरे, सहा अंक आणि शेवटी एक तपासणी अंक असतो. अक्षरांना ए=१० पासून किंमत द्यायची आणि ११, २२, ३३ हे अकराच्या पटीतले आकडे वगळायचे. म्हणून बी=१२, सी=१३ आणि झेड=३८. पहिल्या स्थानाला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ४ ने, असे दहाव्या स्थानाला ५१२ ने गुणायचे. बेरजेला ११ ने भागून उरलेली बाकी हा तपासणी अंक. बाकी १० आली तर ० धरायचा.

नेहमीच्या उदाहरणावर पडताळणी: सीएसक्यूयू ३०५४३८. गुणाकार १३, ६०, ११२, २५६, ४८, ०, ३२०, ५१२, ७६८, ४०९६. बेरीज ६१८५, बाकी ३. म्हणजे पूर्ण क्रमांक सीएसक्यूयू ३०५४३८३. आता टाइप करताना ५ आणि ४ ची अदलाबदल झाली तर बेरीज ६२४९ होते, बाकी १ येते आणि चूक तिथेच पकडली जाते. शिपिंग बिलात क्रमांक चुकला तर दुरुस्तीत वेळ जातो आणि गाडी बंदराच्या दारात जेनसेटच्या (विजेच्या जनित्राच्या) डिझेलवर उभी राहते. त्यामुळे ही तपासणी अहवालात न ठेवता माहिती भरण्याच्या शीटमध्येच घातली. चुकीचा क्रमांक टाकला की चौकोन लाल होतो आणि पुढचे भरता येत नाही.

याच दिवशी एक्सेलचे आणखी दोन उपद्रव निपटले. ताज्या द्राक्षांचा एचएस कोड ०८०६१०००, पण एक्सेल पुढचे शून्य खाते आणि ८०६१००० उरते. हा स्तंभ मजकूर म्हणूनच आयात करायचा. दुसरा उपद्रव तारखांचा. ०३/०२ म्हणजे ३ फेब्रुवारी की २ मार्च? हंगाम नेमका जानेवारी ते एप्रिल असल्याने दोन्ही तारखा खऱ्या वाटतात आणि डोळ्याला चूक दिसत नाही. उपाय: प्रत्येक स्रोताचा तारखेचा साचा तक्त्यात नोंदवला. शिवाय 'गेट-इन (बंदरात प्रवेश) स्टफिंगच्या (कंटेनर भरण्याच्या) आधी' किंवा 'जहाज सुटले गेट-इनच्या आधी' अशी उलटी जोडी दिसली की ती ओळ बाजूला काढायची.

२२ जानेवारी

वेळा. एआयएस आणि बहुतेक लॉगर यूटीसीमध्ये, सीएचए आणि बंदर भारतीय वेळेत, रॉटरडॅमच्या घटना तिथल्या स्थानिक वेळेत. साठवताना सगळे यूटीसी, दाखवताना ज्या जागेची घटना तिथली वेळ. साडेपाच तासांचा फरक किरकोळ वाटतो, पण कट-ऑफ चुकवायला तेवढा पुरतो. रात्री २ ची भारतीय वेळ यूटीसीत आदल्या दिवशीची रात्री ८.३० होते, म्हणजे तारीखच बदलते आणि फ्री डेची (कंटेनर विनाशुल्क ठेवता येतो त्या दिवसांची) मोजणी एका दिवसाने घसरते.

लाइनच्या ट्रॅकिंगमध्ये प्रत्येक घटनेला तीनपैकी एक शिक्का असतो: योजना, अंदाज किंवा प्रत्यक्ष. डीसीएसए या कंटेनर लाइनच्या संघटनेच्या मानकात ही विभागणी स्पष्ट आहे. जुन्या शीटमध्ये हे तिन्ही 'तारीख' या एकाच स्तंभात बसवलेले असतात. तीन वेगळे स्तंभ केले. कामगिरी मोजताना फक्त 'प्रत्यक्ष' घ्यायचे.

२९ जानेवारी

रस्त्याचा भाग. तासगावहून गाडी कराडमार्गे जावो की सांगलीकडून पेठ नाक्यावर महामार्गाला लागो, तासवडे, आनेवाडी आणि खेड शिवापूर हे तिन्ही टोलनाके वाटेत लागतातच. फास्टॅगच्या वेळांवरून चार टप्पे आपोआप पडतात: पॅक हाऊस ते तासवडे, तासवडे ते आनेवाडी, आनेवाडी ते खेड शिवापूर, तिथून न्हावा शेवा.

तिसऱ्या टप्प्यात खंबाटकी घाट येतो. प्रवासाच्या वेळेतली खरी अनिश्चितता या टप्प्यात आणि पुणे ते पनवेल यांच्यामध्ये आहे. तासवडे ते आनेवाडी जवळपास ठरलेल्या वेळेत होतो. म्हणून सरासरी वेग काढून अंतराला भागायची पद्धत सोडली. प्रत्येक टप्प्याच्या मागच्या फेऱ्यांपैकी दहातल्या नऊ फेऱ्या ज्या वेळेच्या आत झाल्या, ती वेळ धरायची, संध्याकाळी सुटणाऱ्या आणि पहाटे सुटणाऱ्या गाड्यांसाठी वेगवेगळी. चारही टप्प्यांच्या या वेळा नुसत्या मिळवल्या तर एकूण वेळ गरजेपेक्षा फुगते, कारण चारही ठिकाणी एकाच दिवशी वाईट वेळ येणे विरळा. त्यामुळे टप्पे फक्त वाटेतल्या गाडीचा पुढचा अंदाज बांधायला वापरायचे. निघण्याची वेळ ठरवताना पूर्ण प्रवासाचीच विभागणी घ्यायची.

रिकामा रिफरही बंदराजवळच्या डेपोतूनच येतो, म्हणजे तोच रस्ता आधी उलटा चढतो. निर्यातीतही फ्री डेची मोजणी डेपोतून उचलल्यापासून सुरू होत असेल तर हा वरचा प्रवास हिशेबात धरावाच लागतो. रिकामा उचलताना प्री-ट्रिप तपासणीच्या (रिफर युनिटच्या प्रवासाआधीच्या चाचणीच्या) पावतीची तारीख नोंदवायची. ती जुनी असेल तर कंटेनर बदलून घ्यायची वेळ तीच. स्टफिंगच्या दिवशी तासगावात कॉम्प्रेसर बसला तर बदली कंटेनर येईपर्यंत दिवस जातो.

३ फेब्रुवारी

१ फेब्रुवारीपासून लाइनच्या युती बदलल्या. मर्स्क आणि एमएससीच्या जोडीची टूएम संपली, मर्स्कची हापाग-लॉइडबरोबर जेमिनी सुरू झाली, एमएससी बहुतेक मार्गांवर स्वतंत्र. सेवांची नावे, बंदरांचा क्रम, मध्ये जहाज बदलण्याची (बदलीची) बंदरे सगळेच हलले. याचा अर्थ मागच्या हंगामाची 'या लाइनला इतके दिवस' ही आकडेवारी जशीच्या तशी चालणार नाही. इतिहास लाइनच्या नावावर न साठवता प्रत्यक्ष मार्गावर साठवायचा: चढण्याचे बंदर, बदलीचे बंदर, उतरण्याचे बंदर आणि केपमार्गे की सुएझमार्गे.

२०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बहुतेक कंटेनर जहाजे आफ्रिकेला वळसा घालत आहेत. अंतर चार हजारांहून जास्त सागरी मैलांनी वाढते. १६ नॉटच्या (तासाला १६ सागरी मैल) वेगाने ४,००० मैलांना २५० तास, म्हणजे साडेदहा दिवस. २०२३ च्या हंगामाचे आकडे या वर्षीच्या सरासरीत मिसळले तर उत्तर दोन्ही मार्गांना चुकीचे येईल.

८ फेब्रुवारी

लाइनची ट्रॅकिंग सेवा पोचण्याची तारीख बदलली की जुनी पुसून नवी दाखवते. अंदाज किती चुकतो हे मोजायचे तर जुना अंदाज हातात हवा. म्हणून दर ६ तासांनी आलेले उत्तर नवी ओळ म्हणून साठवायचे, जुनी ओळ कधीही बदलायची नाही. हे पहिल्या दिवसापासून केले नाही तर हंगाम संपल्यावर ते परत मिळवायचा मार्ग नाही.

१४ फेब्रुवारी

तापमान. इथे सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला.

द्राक्षांना सेट पॉइंट (युनिटवर लावायचे तापमान) साधारण उणे ०.५ ते ० अंश सेल्सिअस. बुकिंगच्या फॉर्मवर उणे चिन्ह सुटले तर अधिक ०.५, दशांश चिन्ह सरकले तर उणे ५. पहिल्यात माल लवकर थकतो, दुसऱ्यात गोठतो, आणि देठ मण्यांच्या आधी गोठतो. नियम बसवला: सेट पॉइंट उणे १ ते अधिक १ च्या बाहेर दिसला की ताबडतोब फोन. काही लॉगर फॅरनहाइटमध्ये येतात. उणे ०.५ सेल्सिअस म्हणजे ३१.१ फॅरनहाइट, त्यामुळे ३० च्या वरचे आकडे सलग दिसले तर आधी एकक तपासायचे.

सर्वांत घातक गोष्ट वेगळीच. अनेक जण माहिती नसलेल्या जागी ० भरतात. द्राक्षाच्या कंटेनरमध्ये ० हे अगदी योग्य तापमान आहे. सेन्सर बंद पडलेला कंटेनर तक्त्यात सगळ्यांत उत्तम दिसतो. रिकामे ते रिकामेच राहू द्यायचे. शिवाय सलग १२ तास दशांशासकट तोच आकडा आला तर सेन्सर अडकला असे समजायचे. चालू युनिटमध्ये तापमान थोडेसे तरी हलतेच.

युनिट दोन आकडे देते: आत सोडलेली हवा आणि परत आलेली हवा. थंड मालात नियंत्रण सोडलेल्या हवेवर चालते, त्यामुळे तो आकडा जवळजवळ नेहमीच छान दिसतो. मालाचे खरे दुखणे परतीच्या हवेत कळते. हवा पुढच्या युनिटमधून टी-आकाराच्या पट्ट्यांच्या जमिनीखालून दाराकडे जाते, पेट्यांमधून वर चढते आणि छताखालून परत येते. दाराजवळच्या शेवटच्या पॅलेटना सर्वांत कमी थंडावा मिळतो. पॅलेटमध्ये मोठी फट राहिली किंवा जमीन पूर्ण झाकली गेली नाही तर हवा जवळच्या वाटेने परत फिरते आणि दारापर्यंत पोचतच नाही. लाल रेषेच्या (रचण्याच्या कमाल उंचीच्या खुणेच्या) वर पेट्या रचल्या तर परतीची वाट बंद होते.

म्हणून तक्त्यात 'परतीची हवा वजा सोडलेली हवा' हा फरक काढला आणि पहिल्या ७२ तासांत तो किती लवकर खाली येतो ते पाहिले. फरक भराभर उतरला तर माल नीट प्री-कूल होऊन चढला. रेंगाळला तर माल गरम चढला किंवा रचना चुकली. रिफर कंटेनर तापमान टिकवण्यासाठी बनवलेला असतो, गरम माल थंड करण्याचे काम पॅक हाऊसच्या प्री-कूलिंग खोलीचे. गाडीची घाई म्हणून प्री-कूलिंगचे तास कापले तर ती उधारी समुद्रात वसूल होते: देठ तपकिरी पडतो, मणी गळतात, आणि गरम-दमट हवेत सल्फर पॅडमधला वायू लवकर सुटून संपतो. मग शेवटच्या आठवड्यात बुरशीला अडवायला काही उरत नाही. केपमार्गे लांबलेल्या प्रवासात हाच शेवटचा आठवडा निर्णायक ठरतो.

२० फेब्रुवारी

खोटे इशारे कमी केले. डीफ्रॉस्ट (युनिटमधला बर्फ वितळवणे) चालू असताना सोडलेल्या हवेचा आकडा थोडा वेळ उसळी घेतो. तो बिघाड नाही. इशारा तेव्हाच, जेव्हा डीफ्रॉस्टची वेळ वगळून सोडलेली हवा सेट पॉइंटपेक्षा दीड अंशाने जास्त आणि तेही सलग ३ तास. वीज नसल्याचा कालावधी वेगळा मोजायचा: ट्रेलरचा जेनसेट काढल्यापासून यार्डातला प्लग लागेपर्यंत, आणि यार्डातून जहाजावरचा प्लग लागेपर्यंत. दोन्ही अंतरे नोंदीतल्या खंडांवरून निघतात.

लॉगर विकत घेताना क्षमता बघायची. ४,००० नोंदींचा लॉगर दर १० मिनिटांनी लावला तर २७.८ दिवसांत भरतो आणि केपमार्गाचा शेवटचा भाग कोरा राहतो. २० मिनिटांवर ठेवला तर ५५ दिवस चालतो. एक लॉगर दारापाशी शेवटच्या रांगेत, एक मधल्या पॅलेटच्या मध्यावर. फक्त दाराजवळ ठेवला तर वाईटात वाईट कळते, पण बाकीच्या मालाबद्दल आयातदाराशी बोलायला पुरावा राहत नाही.

२७ फेब्रुवारी

एआयएसची साफसफाई. माहिती नसल्याचे आकडे ठरलेले असतात: अक्षांश ९१, रेखांश १८१, वेग १०२.३, दिशा ५११. हे आधी काढायचे, नाहीतर सरासरी वेग हास्यास्पद येतो. लागोपाठच्या दोन ठिकाणांवरून काढलेला वेग ३० नॉटच्या वर गेला तर दुसरे ठिकाण टाकायचे. तांबडा समुद्र आणि होर्मुझच्या आसपास उपग्रह-स्थानात ढवळाढवळ होते आणि जहाज जमिनीवर दिसते.

'नांगरलेले', 'धक्क्याला लागलेले' ही स्थिती जहाजावरचा माणूस हाताने बदलतो, त्यामुळे ती बऱ्याचदा शिळी असते. त्याऐवजी बंदराबाहेरचे नांगरणीचे क्षेत्र आणि धक्का असे दोन बहुभुज काढले. वेग ०.५ नॉटच्या खाली आणि जागा पहिल्या क्षेत्रात म्हणजे वाट पाहणे, दुसऱ्यात म्हणजे धक्का. जहाजाने दिलेल्या पोचण्याच्या वेळेत महिना, दिवस, तास, मिनिट एवढेच असते, वर्ष नसते. गंतव्य बंदर २० अक्षरांत मोकळेपणाने टाइप केलेले असते, एकाच बंदराची पाच-सहा रूपे दिसतात. जहाज ओळखायचे ते ७ अंकी आयएमओ क्रमांकाने, नावाने नाही. नावे बदलतात, सारखीही असतात.

७ मार्च

पोचण्याचा अंदाज. न्हावा शेवा ते रॉटरडॅम सरळ अंतर सुमारे ६,९०० किलोमीटर, म्हणजे साधारण ३,७०० सागरी मैल. ही रेषा आशिया-युरोपच्या जमिनीवरून जाते. तयार फॉर्म्युल्याने काढलेले अंतर वापरले तर १६ नॉटला साडेनऊ दिवसांत जहाज पोचते असे दिसते. म्हणून मार्गाचे टप्पे हाताने आखले: अरबी समुद्र, मादागास्करचा परिसर, केप अगुल्हासच्या दक्षिणेकडून वळण, कॅनरी बेटे, ब्रिटनीचे टोक, डोव्हर. जहाजाच्या जागेवरून रेषेवरचा जवळचा बिंदू शोधायचा आणि तिथून पुढचे अंतर मोजायचे.

वेग मागच्या २४ तासांच्या सरासरीचा, क्षणाचा नाही. केपच्या वळणानंतर ६,१०० मैल उरलेले असतील तर १६ नॉटला १५.९ दिवस, १४ नॉटला १८.२. दोन नॉटमध्ये सव्वादोन दिवसांचा फरक पडतो. लाइन इंधन वाचवण्यासाठी वेग कमी करतात. इंजिनाची लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाने वाढते, त्यामुळे थोडा वेग कमी केला तरी बचत मोठी. म्हणून वेग घटला की तो बिघाड न समजता नवा अंदाज काढायचा.

१८ मार्च

हंगामाच्या मध्यावर 'या सेवेला सरासरी किती दिवस' हा आकडा मागितला गेला. इथे एक फसवी जागा आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढच्या बुकिंगला हात लावू नये.

उदाहरणापुरते आकडे घेऊ. एका आठवड्यात एकाच सेवेवर १० कंटेनर निघाले. ३६ व्या दिवशी पाहिले तर सहा पोचलेत: ३१, ३२, ३२, ३३, ३४ आणि ३५ दिवसांत. तक्ता सरासरी दाखवतो ३२.८. चार अजून पाण्यात आहेत आणि सरासरीत त्यांचा पत्ताच नाही. पुढे ते ३८, ३९, ४१ आणि ४४ दिवसांत पोचले तर खरी सरासरी ३५.९. म्हणजे हंगामाच्या मध्यावरचा आकडा तीन दिवसांनी गोड होता, कारण वेळेत तक्त्यात येण्याचा मान फक्त लवकर पोचलेल्यांना मिळाला. नवी सेवा जितकी ताजी तितकी ती चांगली दिसते आणि नेमक्या त्याच वेळी पुढचे कंटेनर तिच्यावर द्यायचा मोह होतो.

उपाय दोन. पहिला: सरासरीऐवजी मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. दहापैकी सहा पोचले की पाचवा आणि सहावा कळलेला असतो. उरलेले कितीही उशिरा येवोत, मध्यक ३४.५ वरच राहतो. दुसरा: पोचायच्या कंटेनरलाही हिशेबात धरायचे, 'किमान ३६ दिवस झाले, अजून नाही' या स्वरूपात. कॅपलन-मायर पद्धत यासाठीच आहे, पायथनमध्ये तयार मिळते. दहातले नऊ कंटेनर किती दिवसांत पोचतात हा आकडा त्यातूनही ३६ व्या दिवशी निघत नाही, आणि तेव्हा तक्त्याने तो चौकोन कोराच ठेवायला हवा. आयातदाराने सुपरमार्केटला दिलेला शब्द याच आकड्यावर उभा असतो.

अंदाजाची चूक मोजतानाही दिवसांची चिन्हे जपली. दोन दिवस उशीर आणि दोन दिवस लवकर यांची सरासरी शून्य येते, पण दोन्हींचा त्रास वेगळा. मोजणी तीन ठिकाणी: पोचण्याच्या १४, ७ आणि ३ दिवस आधी केलेला अंदाज.

२४ मार्च

बदलीच्या बंदरात कंटेनर उतरला, पण नकाशावर पहिलेच जहाज पुढे चालत राहिले. बुकिंगमधल्या जहाजाच्या नावावर जोडणी केल्याचा हा परिणाम. आता कंटेनर कुठल्या जहाजावर आहे हे फक्त प्रत्यक्ष 'लोड' घटनेवरून ठरते. उतरल्याची घटना आली आणि चढल्याची नाही, तर कंटेनर 'यार्डात, प्लगवर' या रांगेत जातो आणि दिवस मोजायला लागतो. पाच दिवसांच्या वर गेला की फॉरवर्डरला (माल पाठवणाऱ्या एजंटला) फोन. पुढच्या जहाजावर जागा नसल्याने माल मागे राहतो तो बहुधा इथेच, आणि तो लाइनच्या संदेशात स्पष्ट लिहिलेला नसतो. दोन घटनांमधल्या अंतरावरूनच तो ओळखावा लागतो.

३१ मार्च

काल गुढीपाडवा होता आणि कालच युरोपातली घड्याळे एक तास पुढे गेली. भारतीय वेळेपासूनचा रॉटरडॅमचा फरक साडेचार तासांवरून साडेतीन झाला. वेळा 'अधिक १' अशा ठोक आकड्याने बदलल्या असतील तर आजपासून प्रत्येक घटना तासाने चुकेल. डेटाबेसमध्ये 'युरोप/ॲमस्टरडॅम' हा वेळ-विभाग नावाने ठेवला की बदल आपोआप होतो. ३० मार्चच्या नोंदी पडताळल्या, बरोबर आहेत.

८ एप्रिल

बिलांची तपासणी. प्रत्येक लाइनचे फ्री डे, टप्प्याचे दर आणि लागू तारखा वेगळ्या तक्त्यात. दर मध्येच बदलतो, म्हणून 'पासून' आणि 'पर्यंत' हे स्तंभ लागतातच. मोजणी उतरल्यापासून की जहाज पोचल्यापासून, सुट्ट्या धरून की वगळून, हे करारातून वाचून भरायचे. हिशेबाचा नमुना: ३ दिवस मोफत, पुढचे ४ दिवस एकपट, त्यापुढे दुप्पट. कंटेनर ९ दिवस राहिला तर ४ अधिक २ गुणिले २, म्हणजे ८ दर. नवाला दुप्पट गुणून १८ लावलेले बिल आले तर लगेच परत पाठवता येते. रिफरला प्लगची वीज वेगळी लागते, ती डिटेन्शनमध्ये (कंटेनर मुदतीपेक्षा जास्त ठेवल्याच्या शुल्कात) मिसळलेली असेल तर फोडून मागायची.

युरोपच्या उत्सर्जन व्यवस्थेचा अधिभारही आता बिलात असतो. २०२४ च्या उत्सर्जनाच्या ४० टक्के, २०२५ च्या ७० टक्के आणि २०२६ पासून १०० टक्के हिशेबात येते. युरोपबाहेरून येणाऱ्या प्रवासाचा त्यातही अर्धाच भाग मोजला जातो. अधिभार मागच्या वर्षीपेक्षा वाढलेला दिसणे म्हणजे आपोआप चूक नव्हे.

१६ एप्रिल

मुख्य पडदा पुन्हा मांडला. पॅक हाऊसच्या कागदपत्रे सांभाळणाऱ्या माणसाचे म्हणणे होते: "दादा, जहाज कुठं हाय ते राहू द्या, आज कुणाला फोन लावू तेवढं सांगा." ते पूर्ण बरोबर आहे. नकाशा दुसऱ्या पानावर गेला. पहिल्या पानावर फक्त यादी: कंटेनर, काय झाले, किती तास झाले, कोणाला फोन, आणि फोन झाला की खूण करायचा चौकोन. यादी रोज सकाळी ९ ला मोबाइलवर जाते. रांग पैशाच्या जोखमीप्रमाणे लागते: आधी तापमान, मग कट-ऑफ, मग बदलीच्या बंदरात अडकलेले, शेवटी बिले. खूण झालेल्या आणि न झालेल्या इशाऱ्यांची नोंद राहते. ज्या प्रकारच्या इशाऱ्यावर कोणी कधीच फोन केला नाही, तो प्रकार बंद करायचा.

२५ एप्रिल

सांगली भागातला हंगाम आटोपला, शेवटचे कंटेनर अजून पाण्यात आहेत. ते पोचेपर्यंत डेटा ओढणे चालू ठेवायचे. मध्येच बंद केले तर मार्चअखेर निघालेले उशिराचे कंटेनर कायमचे अर्धवट राहतील आणि पुढच्या वर्षीच्या तक्त्यात १८ मार्चच्या नोंदीतला दोष पुन्हा शिरेल.

ऑक्टोबर छाटणीच्या आत उरलेली कामे: आयातदारांच्या गुणवत्ता अहवालाचा एकच नमुना ठरवणे, ज्यात देठाचा रंग, मणीगळ आणि बुरशी पॅलेटनिहाय टक्क्यांत येईल. प्री-कूलिंग खोलीत जातानाचे आणि बाहेर पडतानाचे मालाच्या गराचे तापमान प्रत्येक पॅलेटवर लिहिणे, कारण ७२ तासांचा उतार आणि पोचल्यावरची देठाची अवस्था यांचा संबंध त्याशिवाय सिद्ध होत नाही. रिकामे रिफर देणाऱ्या डेपोनिहाय प्री-ट्रिप तपासणीची नोंद. आणि छाटणीच्या तारखांवरून आठवडानिहाय किती कंटेनर लागतील याचा अंदाज बागायतदारांकडून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गोळा करणे, म्हणजे जागेचे बुकिंग गर्दीच्या आधी करता येईल.